प्राण्यांच्या निवाऱ्यावर विश्वस्त होण्याचे निमंत्रण: होकार देण्यापूर्वी काय पाहावे?

सांजवारा (कोल्हापूर)

नमस्कार. सहकारी बँकेतील नोकरीतून मी नुकतीच निवृत्त झाले आहे. आमच्या शहराबाहेर जखमी व बेवारस प्राण्यांचा निवारा चालवणारा एक लहान नोंदणीकृत न्यास आहे. बहुतांशी रस्त्यावरची कुत्री, काही मांजरी आणि सांभाळणे परवडत नाही म्हणून सोडून दिलेले गोऱ्हे व भाकड गाई तिथे आहेत. बऱ्याच वर्षांपासून मी या संस्थेला देणगी देते आणि जमेल तेव्हा जाऊन मदतही करते. एका विश्वस्तांनी प्रकृतीच्या कारणाने राजीनामा दिल्यामुळे ती जागा मी घ्यावी, अशी आता संस्थापक दांपत्याची इच्छा आहे.

कामाबद्दल आस्था असल्यामुळे होकार द्यावासा वाटतो; परंतु "तुम्ही फक्त बैठकीला या आणि सह्या करा, बाकीचे सगळे आम्ही पाहतो" हे त्यांचे वाक्य ऐकून मनात पाल चुकचुकली. त्यांचा हेतू चांगला आहे याबद्दल मला शंका नाही. मात्र 'मी फक्त सही केली होती' असे सांगणारे जामीनदार मी नोकरीत पुष्कळ पाहिले आहेत, त्यामुळे सहीचा अर्थ मला हलका वाटत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. विश्वस्त म्हणून माझी वैयक्तिक जबाबदारी कुठपर्यंत येते? कोणती कागदपत्रे आधी मागावीत? माझ्या दिरांचे पशुखाद्याचे दुकान असून संस्था पेंड व भुसा तिथूनच घेते; यात काही अडचण आहे का? माझा भाचा मेलबर्नला स्थायिक असून त्याने ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व घेतले आहे; त्याला संस्थेला मोठी रक्कम द्यायची आहे, ती घेता येईल का? आणि शेवटची काळजी जागेची आहे. निवारा भाड्याच्या जमिनीवर, नदीपासून फार दूर नसलेल्या ठिकाणी आहे आणि २०१९ च्या महापुरात सगळे प्राणी रस्त्यावर आणून बांधावे लागले होते.

कलमदान (सातारा)

मी धर्मादाय कार्यालयात वकिली करतो, त्यामुळे कायद्याच्या बाजूपुरते लिहितो.

महाराष्ट्रात अशा संस्थेला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. जुने लोक त्याला अजूनही मुंबईचा कायदा म्हणतात. सार्वजनिक न्यास ही कंपनीसारखी स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती नसते. मालमत्ता विश्वस्तांकडे निहित असते, करार त्यांच्या नावे होतात आणि दावा झाला तर समन्सही त्यांच्याच नावे निघते. याचा अर्थ संस्थेच्या प्रत्येक देण्यासाठी आपले घर गहाण पडते असा नाही. प्रामाणिकपणे आणि वाजवी काळजी घेऊन काम करणाऱ्या विश्वस्ताला घाबरण्याचे सहसा कारण नसते. परंतु निष्काळजीपणामुळे न्यासाचे नुकसान झाले, तर ते भरून देण्याची जबाबदारी वैयक्तिक असते, आणि 'बाकीचे सगळे ते पाहत होते' हा बचाव तिथे चालत नाही, कारण पाहणे हेच विश्वस्ताचे काम आहे. कलम ४१-ड खाली धर्मादाय आयुक्त विश्वस्ताला निलंबित करू शकतात किंवा पदावरून दूरही करू शकतात.

आपण सर्वप्रथम न्यासपत्र किंवा घटना मागा आणि ती पूर्ण वाचा. विश्वस्तांची किमान संख्या, मुदत, गणपूर्ती, बँक खाते कोणाच्या संयुक्त सहीने चालते आणि संस्थापकांना काही विशेष अधिकार राखून ठेवलेले आहेत का, हे त्यात दिसेल. दुसरी गोष्ट म्हणजे परिशिष्ट एकचा ताजा उतारा. दप्तरी कोण विश्वस्त आहे हे सांगणारा कागद हाच, आणि अनेक संस्थांत त्यावरची नावे व प्रत्यक्ष बैठकीला बसणारी माणसे यांचा मेळ बसत नाही. विश्वस्त बदलला की कलम २२ खाली ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागतो. तो न करता वर्षानुवर्षे कारभार चाललेला असतो आणि बँकेने केवायसी मागितली की धावपळ सुरू होते; हे आपल्याला मी सांगायला नको.

त्यानंतर गेल्या काही वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल पाहा. आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत लेखापरीक्षण पूर्ण व्हायला हवे. अहवालातील आकड्यांपेक्षा लेखापरीक्षकाने मारलेले शेरे अधिक लक्ष देऊन वाचा. रोखीचे व्यवहार, पावत्या नसलेला खर्च आणि विश्वस्तांकडून घेतलेली उचल यांबद्दल तो तिथे लिहितो. लहान निवाऱ्यांमध्ये संस्थापक अडचणीच्या महिन्यात स्वतःच्या खिशातून पैसे घालतात आणि त्याची नोंद कर्ज म्हणून होते. हेतू कितीही उदात्त असला तरी कलम ३६-अ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय न्यासासाठी कर्ज घेता येत नाही, मग ते विश्वस्ताकडूनच का असेना. देणगी असेल तर देणगी म्हणून नोंद हवी, कर्ज असेल तर परवानगी हवी.

दिरांच्या दुकानाबद्दल: आयकर कायद्यात विश्वस्ताच्या नातेवाइकांची जी व्याख्या आहे तीत पतीचा भाऊही येतो. अशा व्यक्तीला न्यासाच्या पैशातून अवाजवी लाभ झाला, तर संस्थेची करसवलत अडचणीत येऊ शकते. खरेदीच करू नये असा मात्र नियम नाही. बाजारभावाने, इतर दुकानांची दरपत्रके घेऊन, ठराव करून आणि त्या ठरावाच्या वेळी आपण चर्चेतून व मतदानातून बाजूला राहून ही खरेदी करता येते. आपण बाजूला राहिल्याची नोंद इतिवृत्तात शब्दशः असावी.

पशुवैद्य_नगर (अहिल्यानगर)

वकीलसाहेबांनी कागद सांगितले, मी पिंजऱ्यांकडे वळतो. निवाऱ्यांना भेट देणारा पशुवैद्य म्हणून माझे असे मत झाले आहे की बहुतेक संस्था पैशाच्या अफरातफरीने नव्हे, तर 'नाही' म्हणता न आल्याने खचतात. दारात खोक्यात घालून ठेवलेली पिल्ले, रात्री फोनवर रडणारा माणूस, पोलिसांनी आणून सोडलेली जनावरे हे सर्व संस्थापक नाकारू शकत नाहीत, कारण त्याच कळवळ्यापायी त्यांनी संस्था काढलेली असते. म्हणूनच नाकारण्याचे काम विश्वस्त मंडळाने करायचे असते.

आपण निवाऱ्यात जाऊन एकच प्रश्न विचारा: येथे जास्तीत जास्त किती प्राणी राहू शकतात, आणि हा आकडा कोठे लिहून ठेवला आहे? लिहिलेला नसेल, तर आपल्या कारकिर्दीतील पहिला ठराव तोच असू द्या. उदाहरणादाखल हिशेब मांडतो. एका कुत्र्यामागे अन्न, औषध आणि मजुरी मिळून रोज ६० रुपये धरले, तरी शंभर कुत्र्यांना दिवसाला ६,००० आणि वर्षाला जवळपास २२ लाख रुपये लागतात. प्रत्यक्ष दर आपल्या संस्थेच्या वह्यांतून काढा. दहा प्राणी वाढवणे म्हणजे, ते बारा-तेरा वर्षे जगतील असे गृहीत धरून, तेवढ्या वर्षांचा खर्च आजच स्वीकारणे होय. बँकेतील व्यक्तीला हे दायित्व ताळेबंदात दिसत नसूनही कसे वाढत जाते ते लगेच कळेल.

गर्दीची कायदेशीर बाजूही आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आपण रस्त्यावर प्राण्यांना मारणाऱ्यांसाठी आहे असे समजतो. त्याच्या कलम ११ मध्ये पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे आणि हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात ठेवणे हेही गुन्हे आहेत, आणि 'मालक' या शब्दाच्या व्याख्येत प्राणी ज्याच्या ताब्यात आहे तो प्रत्येकजण येतो. पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये आहे, म्हणजे कित्येक दशकांत त्याकडे कोणी वळूनही पाहिलेले नाही. पण दयेसाठी काढलेल्या संस्थेवर असा गुन्हा नोंद होणे ही नामुष्की पन्नास रुपयांत मोजता येत नाही.

रोगराईकडे लक्ष द्या. नव्याने आलेला प्राणी किमान दोन आठवडे वेगळा ठेवण्याची सोय आहे का? पार्व्हो आणि डिस्टेंपर हे आजार दाटीवाटीच्या जागी पिल्लांचे वाडेच्या वाडे रिकामे करतात. काम करणाऱ्या मुलांना रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस दिली आहे का, हा प्रश्न मी प्रत्येक ठिकाणी विचारतो आणि उत्तर ऐकून पुष्कळदा संताप येतो. शस्त्रक्रिया होत असतील तर नोंदणीकृत पशुवैद्य कोण, भूल देण्यासाठीच्या केटामाइनचा साठा कोणाच्या कुलपात आहे आणि त्याची नोंदवही रोजच्या रोज भरली जाते का, ते पाहा. ते अनुसूची 'एक्स' मधील, म्हणजे कडक नियंत्रणाखालचे औषध आहे आणि गहाळ झालेल्या एका बाटलीचा हिशेब विश्वस्तांना द्यावा लागू शकतो. गाईंसाठी डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक वापरत असतील तर ताबडतोब थांबवा. ते टोचलेल्या जनावराचे मढे खाऊन गिधाडे मरतात, म्हणून २००६ पासून जनावरांसाठी त्यावर बंदी आहे, तरीही माणसांसाठीच्या बाटलीतून ते टोचले जाते.

दयामरणाबाबत मंडळाचे धोरण लेखी असावे. हा विषय कोणालाही नको असतो, म्हणून तो रात्री अकरा वाजता एकट्या पशुवैद्याच्या गळ्यात पडतो. असाध्य वेदना कशाला म्हणायचे, निर्णय कोणी घ्यायचा आणि नोंद कशी ठेवायची, हे शांत बैठकीत ठरवलेले बरे.

शेवटचा मुद्दा ताजा आहे. संस्थेला नगरपालिकेसाठी निर्बीजीकरणाचे काम करायचे असेल, तर २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची प्रकल्प-मान्यता लागते. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात निर्बीजीकरण व लसीकरण झालेली कुत्री, रेबीजग्रस्त किंवा आक्रमक नसल्यास, मूळ जागी सोडावीत असे सांगितले. परंतु ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बस व रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्री तिथे परत न सोडता निवाऱ्यात ठेवायला सांगितले. त्यामुळे स्थानिक स्वराज्य संस्था आपल्यासारख्या निवाऱ्यांकडे कुत्री घेऊन येणारच. आजीव सांभाळाचा खर्च कोण देणार हे लेखी करारात आल्याशिवाय एकही कुत्रे उतरवून घेऊ नका.

गोदाकाठचा (नाशिक)

मी एका प्राणी-संस्थेवर विश्वस्त आहे, म्हणून पैशाबद्दल दोन शब्द.

भाच्याची रक्कम घेऊ नका, निदान आत्ता तरी नाही. ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीची देणगी, तिचा जन्म कोल्हापुरातला असला तरी, २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली परदेशी देणगी ठरते. त्या कायद्याखाली नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील विशिष्ट खाते नसताना ती स्वीकारणे गुन्हा आहे. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे कार्यरत असावी लागते आणि त्या काळात मुख्य कामावर १५ लाख रुपये खर्च झालेले असावे लागतात. भारतीय पारपत्र असलेला अनिवासी भारतीय मात्र स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देऊ शकतो. 'मग तो पैसे मावशीच्या खात्यात पाठवील आणि मावशी संस्थेला देईल' अशी युक्ती कोणीतरी सुचवीलच. ती ऐकून सोडून द्या.

देशातील देणग्यांसाठी करसवलतीची दोन्ही प्रमाणपत्रे, म्हणजे संस्थेची स्वतःची आणि देणगीदारांना मिळणारी, आजच्या तारखेला वैध आहेत का ते तपासा, कारण २०२१ पासून ती कायमची राहिलेली नाहीत आणि मुदत संपल्याचे अनेकांना देणगीदाराच्या तक्रारीवरून कळते. दोन हजार रुपयांवरील रोख देणगीवर देणगीदाराला सवलत मिळत नाही, हे पावतीपुस्तक सांभाळणाऱ्या मुलाला माहीत असायला हवे. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीच्या यादीत प्राणीकल्याण आहे. त्यासाठी संस्थेची वेगळी नोंदणी लागते, ती करून ठेवावी.

मला स्वतःला सर्वात त्रासदायक वाटते ते समाजमाध्यमांवरचे आवाहन. एका अपघातग्रस्त कुत्र्याचे छायाचित्र टाकून 'याच्या शस्त्रक्रियेसाठी' म्हणून पैसे मागितले जातात, गरजेपेक्षा दुप्पट जमतात, आणि उरलेले कडब्यावर खर्च होतात. कडबा आवश्यकच आहे, पण पैसे त्यासाठी मागितलेले नव्हते. विशिष्ट कारणासाठी आलेला पैसा त्याच कारणासाठी वापरावा लागतो. म्हणून आवाहनातच 'शिल्लक रक्कम इतर प्राण्यांच्या सांभाळासाठी वापरली जाईल' असे वाक्य असावे. तसेच वर्गणी संस्थेच्याच खात्यात जायला हवी, संस्थापकांच्या भ्रमणध्वनीशी जोडलेल्या वैयक्तिक खात्यात नव्हे. आपल्याकडे ही सवय इतकी रुळलेली आहे की ती मोडताना लोक दुखावतात.

या क्षेत्रातील जुनी माणसे याबाबतीत आपल्यापेक्षा शहाणी होती. १८३२ साली मुंबईत भटक्या कुत्र्यांना मारण्याच्या हुकुमावरून दंगल झाली आणि दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई व इतर व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने तेथील पांजरपोळ, म्हणजे निराधार जनावरांचे आश्रयस्थान, उभी राहिली. पांजरपोळींच्या परंपरेत व्यापारी मालावर ठरावीक लाग, म्हणजे वर्गणी, बसवून नियमित उत्पन्नाची तजवीज करीत. करुणा होतीच, पण पुढच्या वर्षीच्या चाऱ्याची सोयही होती. आपल्या निवाऱ्याकडे निदान सहा महिन्यांच्या खर्चाइतकी गंगाजळी आहे का, ते विचारा.

सांजवारा (कोल्हापूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे कागद मागितले आणि संस्थापकांनी कोणताही आडपडदा न ठेवता दाखवले, ही समाधानाची गोष्ट आहे. लेखापरीक्षण वेळेवर झालेले असून गंभीर शेरे नाहीत. मात्र बैठकांची इतिवृत्ते लेखापरीक्षणाच्या सुमारास एकदम लिहिल्यासारखी दिसतात. प्राण्यांची कमाल संख्या कोठेही लिहिलेली नाही. जागेचा करार केवळ नोटरी केलेला आणि अकरा महिन्यांचा आहे, आणि तो संपूनही काही काळ लोटला आहे. राजीनामा दिलेल्या विश्वस्तांच्या आधीही एक विश्वस्त निवर्तले होते. त्यांचे नाव उताऱ्यावर अद्याप तसेच आहे.

कृष्णाकाठ (सांगली)

थोडा विरोधी सूर लावतो. मी आपल्या जागी असतो तर विश्वस्तपद घेतले नसते. सल्लागार म्हणून वर्षभर हिशेब लावून द्या, इतिवृत्ते लिहा, अर्थसंकल्प करून द्या आणि मग ठरवा. विश्वस्तपदातून बाहेर पडायलाही पुन्हा बदल अर्ज लागतो आणि तो मंजूर होईपर्यंत दप्तरी आपणच असता.

जागेबद्दल मात्र स्पष्टच सांगतो, कारण आम्ही २०१९ आणि २०२१ असे दोन्ही पूर पाहिले. पाणी चढू लागल्यावर माणसांसाठीच नावा कमी पडतात, जनावरांचा विचार कोणी करीत नाही. दावणीला बांधलेली जनावरे तशीच बुडाली. जागा पूररेषेच्या आत आहे का, हे जलसंपदा विभागाच्या नकाशावर पाहा. आत असेल, तर कोणत्या पातळीला हलायचे, कोणत्या वाहनाने, कोणाच्या उंचावरच्या जागेत आणि दोर कोणी सोडायचे, हे जूनपूर्वी ठरलेले असावे. इशारा पातळी गाठली की हलायचे. धोका पातळीची वाट पाहायची नाही.

पशुवैद्य_नगर (अहिल्यानगर)

कृष्णाकाठ यांचा सावधपणा पटतो, पण निष्कर्ष पटत नाही. सल्लागाराने 'आता नवा प्राणी घेऊ नका' असे सांगितले तर संस्थापक मान डोलावतात आणि संध्याकाळी नवा प्राणी घेतात. तेच वाक्य ठरावात आले की वजन येते. ज्या संस्थेने मागितल्याबरोबर कागद दाखवले, तिथे आत जाऊन काम करण्यासारखे आहे.

कलमदान (सातारा)

आपल्याला होकार द्यायचा असेल, तर क्रम मात्र चुकवू नका. निवर्तलेल्या विश्वस्तांचा बदल अर्ज आधी, मग राजीनाम्याचा, आणि त्यानंतर आपल्या नियुक्तीचा. आधीचे बदल नोंदले गेले नाहीत तर आपला अर्ज अडून राहील. ९० दिवस उलटून गेले असल्याने पहिल्या अर्जासोबत विलंब माफीचा अर्ज कारणासह जोडावा लागेल. आपली नियुक्ती ज्या बैठकीत होईल तिची सूचना दप्तरी असलेल्या सर्व विश्वस्तांना लेखी गेली पाहिजे, राजीनामा दिलेल्यांनाही, कारण दप्तरी ते अजून विश्वस्त आहेत. पोच जपून ठेवा. आपली लेखी संमती, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा अर्जासोबत लागेल.

जागेचा करार नव्याने करताना तो नोंदणीकृत आणि निदान काही वर्षांचा करा, आणि जमीनमालकाने निवाऱ्यासाठी वापराला दिलेली संमती त्यात स्पष्ट लिहून घ्या. न्यास भाडेकरू असल्यामुळे यासाठी कलम ३६ ची परवानगी लागत नाही. ते कलम न्यासाने स्वतःची स्थावर मालमत्ता विकण्यासाठी किंवा दीर्घ मुदतीने भाड्याने देण्यासाठी आहे. या सर्व अर्जांचा निकाल होऊन उताऱ्यावर नाव लागेपर्यंत बँकेतील सहीच्या नमुन्यात बदल करू नका. ते आपल्याला माहीत आहेच, संस्थापकांना मात्र सांगावे लागेल.